दुपारी लटकणारी लाइन: वाडीच्या फायबरचे तेरा महिने

मागच्या उन्हाळ्यात मी या इंटरनेट लाइनला एक स्टार देऊन मोकळी झाले होते. तो आज काढला आणि त्याच्या जागी हे लिहून राहिले. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे झालं त्यात अर्धी चूक आमच्याच घरची निघाली.

आधी आमचं सांगते. बाबांचं पार्सल ट्रान्सपोर्ट आहे, आता मी पाहते. नागपूरजवळ वाडीला गोदाम आणि शहरात इतवारी, गांधीबाग, कळमना अशी तीन बुकिंग काउंटरं. बिल्टीचं, म्हणजे माल बुक केल्याच्या पावतीचं, सॉफ्टवेअर वाडीतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला तो डबा म्हणजेच आमचा सर्व्हर. काउंटरवर बिल्टी बनली की ती वाडीला दिसते, त्यावरून हमाल नग मोजून गाडी भरतात. लाइन लटकली म्हणजे बिल्टी लटकली, बिल्टी लटकली म्हणजे भरलेली गाडी गेटवर उभी. ड्रायव्हर त्या वेळात चहाला जातो आणि मग तोही सापडत नाही.

मागच्या फेब्रुवारीत चारही जागी या कंपनीची फायबर घेतली. १०० एमबीपीएस, ९०० रुपये महिना, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६२. वाडीला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता (आयपी) हवा म्हणून त्याचे वेगळे पैसे. लाइन टाकायला दोन मुलं आली, बोलल्या दिवशी आली, भिंतीला पाडलेलं भोक बुजवून गेली. स्पीड सांगितला तेवढा मिळतो. बिलात कधी एक रुपयाचा फरक नाही. मे महिन्यात आमच्याच एका गाडीवरचा माल उंच गेला आणि तिनं रस्त्यावरून आलेली केबल ओढून तोडली. चूक सरळ आमची, तरी चार तासांत जोडून दिली, वर एक पैसा मागितला नाही. एवढ्यासाठीच मी दोन स्टार बाजूला काढून ठेवलेत.

आता दुखणं.

फेब्रुवारी-मार्च मजेत गेले. एप्रिलच्या शेवटापासून रोज दुपारी, साडेतीन-चारच्या सुमारास, काउंटरवरची बिल्टीची खिडकी गोठायची. पार्टीचं नाव टाकलं, नग टाकले, सेव्ह दाबलं की बस्स. गोल गोल फिरत राहायचं. इतवारीचा मुलगा फोन करायचा, मागोमाग गांधीबाग, मग कळमना. गोदामातून हमालांचा आवाज, "ताई, गाडी भरून झाली, बिल्टी कुठंय?" आणि आतून बाबा, "काहून गं, पुन्हा लटकलं का?"

कंपनीच्या फोनवर एकच उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा. करायचो. राउटरसोबत काउंटरचा कॉम्प्युटरही बंद-चालू करायचो, आणि चालायचंही. त्यामुळं राउटरच खराब आहे असं पक्कं वाटायचं. कंपनीनं दोन राउटर बदलून दिले. तरी दुसऱ्या दिवशी चार वाजता तेच.

मग लाइनमन भाऊ आले. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाही. त्यांनी बॉक्सला हात लावला आणि निकाल देऊन टाकला. "ताई, गर्मीनं होते हे. बॉक्स तापून राहिला." पटलं. नागपुरात मे महिन्यात कोणत्याही गोष्टीचं खापर उन्हावर फोडलं की कोणी वाद घालत नाही. दुपारीच होतं, उन्हाळ्यातच सुरू झालं, आणखी काय पुरावा पाहिजे? मी वाडीच्या बॉक्ससमोर चक्क एक कूलर लावला. नवीन वाळ्याची ताटी, दोनदा पाणी. हमाल येता-जाता हसायचे, आणि बरोबर होतं त्यांचं. बॉक्स थंडगार झाला आणि साडेतीनला इतवारीचा फोन आलाच. त्याच रात्री मी तो एक स्टार ठोकला.

एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला हवी होती. काउंटरच्या त्याच कॉम्प्युटरवर दुसरी एक खिडकी असते, आम्ही तिला गाड्यांचा बोर्ड म्हणतो. कोणती गाडी कुठं लागली, किती भरली, हे दर सेकंदाला बदलत राहतं. बिल्टीची खिडकी गोठलेली असताना बोर्ड मात्र टुणटुणीत चालायचा. दोन्ही खिडक्या वाडीच्या त्याच डब्याशी, त्याच तारेवरून बोलतात. कंपनीची मुलगी फोनवर म्हणायची, "मॅडम, तुमचं इंटरनेट तर चालू दाखवतंय," तेव्हा माझं डोकं तापायचं. खरं म्हणजे ती खोटं बोलत नव्हती.

उन्हाची गोष्ट मारबतीनं मोडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत पिवळी आणि काळी मारबत निघते, बडगे निघतात, त्या गर्दीत काउंटर उघडून करणार काय? मुलगा सकाळी लवकर येऊन कॉम्प्युटर लावून, एक बिल्टी बनवून मिरवणूक पाहायला गेला. दुपारी परत आला. बाहेर रिपरिप पाऊस, हवा गार, कूलर कधीचा बंद. पहिलीच बिल्टी सेव्ह करायला गेला आणि गोठली. त्याच दिवशी, त्याच वेळी कळमन्याला गिऱ्हाईक सकाळपासून सुरू होतं. तिथं काही झालं नाही.

मग डोक्यात आलं. उन्हाळ्यात दुपारी एक ते साडेतीन आमच्याकडं कोणी फिरकत नाही. माल संध्याकाळी येतो. एरवी जो धंदा सलग चालतो, तो मे महिन्यात मधेच अडीच तास झोपतो. ऊन होतं, पण ते बॉक्सवर नाही, गिऱ्हाइकावर पडून राहिलं होतं! जी जोडणी, म्हणजे काउंटरच्या खिडकीचा सर्व्हरशी उघडलेला संपर्क, रिकामी पडून राहते तीच मरत होती. बोर्ड दर सेकंदाला नवी जोडणी उघडतो आणि बंद करतो, म्हणून त्याला काही होत नव्हतं. बिल्टीची खिडकी सकाळी एकदा जोडणी करते आणि दिवसभर तीच धरून बसते.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसले. दहा मिनिटं गप्प बसून बिल्टी केली, गेली. वीस मिनिटं, गेली. तीस मिनिटं, लटकली. पुन्हा केलं, पुन्हा तीसला लटकली. आणि लटकली की काही न करता नुसतं पाहत बसले, तर पंधरा-सोळा मिनिटांनी खिडकी स्वतःच "संपर्क तुटला" म्हणायची. हा आकडा लक्षात ठेवा, खाली कामाचा आहे.

झालं असं होतं. काउंटरच्या तिन्ही लाइनना स्वतःचा जाहीर पत्ता नाहीच. कंपनी एकाच पत्त्यावर खूप ग्राहक बसवते. मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कुठं त्यांनी कबूल केलं. राउटरमध्ये पाहिलं तर पत्ता १००.७० पासून सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ हा सगळा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलाय, सुमारे ४२ लाख पत्ते. जुन्या पद्धतीचे एकूण पत्तेच साधारण ४२९ कोटी, आणि ते जगाला पुरत नाहीत, त्यामुळं हे करावं लागतं. त्यावर माझा राग नाही. मधे त्यांचं एक यंत्र असतं. कोणाची कोणती जोडणी कोणत्या नंबरवरून बाहेर गेली याची वही ते ठेवतं. वही लहान, ग्राहक फार. मग जी नोंद बराच वेळ हलली नाही, ती यंत्र खोडून टाकतं. खोडताना या टोकाला सांगत नाही, त्या टोकालाही नाही.

म्हणजे इतवारीला वाटतं जोडणी चालू आहे. वाडीलाही वाटतं चालू आहे. मधला माणूस मात्र वही फाडून निघून गेलेला. इतवारीनं पाठवलेला माल तो यंत्रवाला गुपचूप टाकून देतो, इतवारी पोच येत नाही म्हणून पुन्हा पाठवते, पुन्हा पाठवते, दर वेळी जास्त थांबून. काउंटरच्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स अशा पंधरा फेऱ्या करून मग हात टेकतं, आणि त्याला नेहमीच्या मांडणीत कमीत कमी ९२४ सेकंद लागतात. सुमारे साडेपंधरा मिनिटं. माझं घड्याळ बरोबर होतं.

बिचाऱ्या वाडीच्या डब्याला तर तेवढंही कळत नाही. त्याला काही पाठवायचंच नसतं, तो ऐकत बसलेला. त्या दिवशी मी सर्व्हरवर यादी काढली, तर तीन काउंटरांच्या अकरा जोडण्या "चालू" दिसत होत्या. तीन खऱ्या, आठ भुतं.

याच्यासाठी नियम नाही असं नाही. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे जाहीर कागद. २००८ च्या आरएफसी ५३८२ मध्ये लिहिलंय की अशा मधल्या यंत्रानं चालू जोडणीची नोंद २ तास ४ मिनिटांच्या आत खोडू नये. हा विचित्र आकडा कुठून आला, तर कॉम्प्युटर रिकाम्या जोडणीवर "आहेस का?" असं विचारतात, ते पहिल्यांदा २ तासांनी. आधी हाक जाऊ द्या, मग वही फाडा, एवढाच त्याचा अर्थ. आमची कंपनी अर्ध्या तासात फाडते. एक स्टार मी याचाच कापलाय. वही लहान आहे हे समजू शकते, पण लाइन विकताना तोंडानं सांगा ना बाप्पा. माझा कूलर वाचला असता.

उपाय फुकट निघाला. "आहेस का?" ही हाक २ तासांऐवजी ५ मिनिटांनी मारायची. सर्व्हरवर आकडा बदलला आणि वाटलं झालं. काही झालं नाही. मग कळलं की प्रोग्रॅमनं स्वतः मागितल्याशिवाय ही हाक मारलीच जात नाही, नुसता आकडा बदलून उपयोग नाही. सॉफ्टवेअरवाल्या मुलाला दोन ओळी टाकायला लावल्या. त्या दिवसापासून दुपारचा लटका बंद. भुतांचंही मिटलं, कारण हाकेला उत्तर आलं नाही की वाडीचा डबा ती जोडणी स्वतःच पुरून टाकतो.

पण दुसरं एक दुखणं होतंच, आणि तेही मी लाइनच्याच नावावर लिहिलं होतं. दर दहा-बारा दिवसांनी चारही जागी सगळंच बंद पडायचं, बोर्डसुद्धा. सर्व्हर रिस्टार्ट केला की सुरू. सॉफ्टवेअरवाला म्हणायचा लाइन, लाइनवाला म्हणायचा सर्व्हर. यादी काढायला शिकले होतेच, म्हणून पुढच्या वेळी रिस्टार्टच्या आधी यादी काढली. १,००६ जोडण्या क्लोज-वेट.

हे मला बाबांच्या भाषेतच समजलं, तर तसंच सांगते. आमच्या धंद्यात माल पोचला म्हणजे काम संपलं असं नसतं. पार्टीची सही-शिक्क्याची पोच परत यावी लागते, मग बिल्टी बंद. नेटवर्कची जोडणी दोन्ही बाजूंनी वेगवेगळी बंद होते. एकजण म्हणतो "माझं पाठवून झालं". दुसरा त्याची पोच देतो. मग दुसरा आपल्या सवडीनं म्हणतो "माझंही झालं", आणि पहिला त्याची पोच देतो. असे चार कागद. क्लोज-वेट म्हणजे समोरच्यानं "माझं झालं" सांगितलं, आपल्या कॉम्प्युटरनं पोचही देऊन टाकली, पण आपल्या प्रोग्रॅमनं "माझंही झालं" म्हटलंच नाही. पोच हातात घेऊन मुनीम झोपला. आणि याला मुदत नाही. मुनीम उठेपर्यंत किंवा पेढी बंद होईपर्यंत फाइल टेबलावरच.

आमच्या प्रोग्रॅमला एका वेळी १,०२४ फायली उघडायची मर्यादा होती, आणि प्रत्येक जोडणी ही त्यातली एक. बोर्डाची मागणी मधेच सुटली की त्या वाटेवर जोडणी बंद करायची ओळच लिहिलेली नव्हती. दिवसाला शंभरेक साचायच्या, दहाव्या दिवशी टेबल भरलं. रिस्टार्ट केल्यावर प्रोग्रॅम मरतो, फायली सुटतात, म्हणून बरं वाटायचं. क्लोज-वेट दिसलं की लाइनवाल्याला फोन करू नका. आपल्याच प्रोग्रॅमचा कान धरा. मी धरला. एक ओळ होती. पाच महिने त्या एका ओळीसाठी मी लाइनवाल्याशी भांडत होते.

या सगळ्यात सॉफ्टवेअरवाल्या मुलाचा उत्साह वाढला. यादीत आणखी तीनशे जोडण्या टाइम-वेट, म्हणजे बंद करून थोडा वेळ थांबलेल्या, म्हणून दिसत होत्या. त्याला वाटलं हाही रोगच. कुठंतरी वाचून एक सेटिंग घेऊन आला, टीसीपी-टीडब्ल्यू-रिसायकल, म्हणे याने झटकन साफ होतात. मी म्हटलं थांब, आधी तीनशे कुठून आल्या ते तर पाहू. पाच स्क्रीनवर बोर्ड, प्रत्येक सेकंदाला एक जोडणी, आणि लिनक्स प्रत्येकीला ६० सेकंद थांबवतं. पाच गुणिले साठ. हिशोब पैशाला पैसा जुळला.

त्या थांबायला कारण आहे. वर चार कागद सांगितले, त्यातली शेवटची पोच हरवली तर? पोचेची पोच कोणी देत नाही, दिली असती तर तिची पोच कोण देणार? म्हणून ज्यानं आधी बंद करायला घेतलं तो शेवटची पोच टाकून लगेच उठून जात नाही, थोडा थांबतो. समोरच्यानं पुन्हा विचारलं तर पुन्हा द्यायला. दुसरं कारण नंबरांचं. एक वर्ष छापखान्यातून एकाच नंबरची दोन बिल्टी बुकं आली होती. चंद्रपूरच्या मोटरपंपाची उशिरा आलेली पोच गोंदियाच्या बिल्टीला चिकटली, आणि गोंदियाची पार्टी दोन महिने आमच्या दारात. तेव्हापासून बाबांचा नियम आहे, जुन्या बुकाच्या सगळ्या पोच आल्याशिवाय तो नंबर फिरून वापरायचा नाही. नेटवर्कमध्येही रेंगाळलेलं एखादं पाकीट (डेटाचा तुकडा) उशिरा पोचतं आणि त्याच नंबराच्या नव्या जोडणीत घुसू शकतं. १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये पाकीट जास्तीत जास्त २ मिनिटं भटकेल असं धरलंय आणि थांबायचं त्याच्या दुप्पट, ४ मिनिटं. लिनक्सनं ते एका मिनिटावर आणलं. चार मिनिटांच्या जागी एक, यातही घाई कसली?

आणि ती रिसायकलची सेटिंग तर आमच्यासाठी विषच होती. ती एका पत्त्यामागं एकच कॉम्प्युटर आहे असं धरून चालते आणि पाकिटावरच्या वेळेचा शिक्का पाहून जुनं वाटेल ते टाकून देते. आमची तिन्ही काउंटरं कंपनीच्या एकाच पत्त्याआडून येऊ शकतात, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. मग कधी इतवारी जोडली जाणार, कधी कळमना नाही, आणि मी पुन्हा कूलर शोधत फिरणार. २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१२ पासून ती सेटिंग काढूनच टाकली. मुलानं टाकली तेव्हा आमच्या डब्यानं "असं काही नाही" म्हणून परत पाठवलं. मला त्या डब्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. बोर्ड मात्र आता पाच सेकंदांनी बदलतो. गाडी भरायला दोन तास लागतात, दर सेकंदाला काय पाहायचंय?

तर नवा हिशोब. लाइनला पाचपैकी साडेतीन. केबल जोडायची तत्परता आणि बिलाचा सरळपणा यांचे दोन, स्पीडचा एक, आणि लाइनमन भाऊंचा अर्धा, कारण निदान चुकलं तरी ते ४५ डिग्रीत शिडीवर चढले होते. कापलेला दीड म्हणजे अर्ध्या तासाच्या वहीचा एक, आणि फोनवर दर वेळी "राउटर बंद करून चालू करा" याचा अर्धा. फोनवरच्या मुलीनं एकदा जरी विचारलं असतं, "मॅडम, बंद पडायच्या आधी काम चालू होतं की रिकामं होतं?" तर एप्रिलमध्येच मिटलं असतं.

घरी सिनेमे पाहायला, पोरांच्या अभ्यासाला घेत असाल तर डोळे मिटून घ्या, तुम्हाला यातलं काही जाणवणार नाही. दुकानात बिलिंगचं, दवाखान्यात रिपोर्टचं असं दिवसभर एकच खिडकी उघडी ठेवणारं काही चालवत असाल तर घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा: पत्ता स्वतःचा की वाटून घेतलेला, आणि रिकामी जोडणी किती मिनिटं ठेवता. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक मिळणार नाही. घड्याळ लावून स्वतःच मोजा.

मार्चमध्ये चारही लाइन वर्षभरासाठी पुन्हा भरल्या. कूलर हमालांच्या खोलीत लावलाय, वाळ्याची ताटी बदलून.